टोपलीतलं मुंडकं

ईशानीनं सहाव्या दिवशीही दुपारचं ताट ढकललं, तेव्हा तेजश्रीनं ते उचलून मोरीत आपटलं. वाटी घरंगळत नळाखाली गेली. पाच वर्षांच्या पोरीवरचा राग नव्हता तो. कुणावरचा होता ते कळत नव्हतं, म्हणून वाटीवर निघाला.

सहा दिवस. पोर सकाळी दूध पिते, रात्री अर्धी पोळी खाते, आणि दुपारचे साडेबारा वाजत आले की कोठीच्या खोलीत तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसते, दोन्ही कानांत बोटं घालून. जंताचं औषध देऊन झालं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या बाईंना फोन करून झाला, वर्गात कुणी काही बोललं का म्हणून. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या तेजश्रीनं मीठमोहऱ्यासुद्धा उतरवून टाकल्या. पोर जेवेना म्हटल्यावर विद्या कसली नि काय. एका वहीत ती रोज लिहून ठेवत होती, किती घास, किती वाजता. त्या वहीची पानं उलटसुलट पाहताना काल रात्री तिच्या लक्षात आलं, की पोर जेवणाला घाबरत नाहीये. हाकेला घाबरतेय.

हाक म्हणजे सासऱ्यांची. दिनानाथांनी पाठशाळेत चाळीस वर्षं वेद शिकवला होता, आणि गंगेच्या घाटालगत मंगला गौरीच्या गल्लीतल्या या घरात त्यांच्या आजोबांपासूनचा एक नेम त्यांनी सोडला नव्हता. वैश्वदेव झाला, पानं वाढली, की पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभं राहायचं आणि गल्लीत तीनदा हाक द्यायची, "कोई भूखा हो तो आ जाए!" येईल त्याला आधी वाढायचं, मग आपण बसायचं. बहुतेक दिवस कुणी येत नाही. कधी पाठशाळेतला नवा विद्यार्थी येतो, कधी बालाजी घाटावरचा एखादा नावाडी. एकदा एक वाट चुकलेला जपानी आला होता. कटाची आमटी प्याला आणि घळाघळा रडला. भक्तीनं नव्हे, तिखटानं. तेजश्री नाशिकहून नवी नवरी होऊन आली तेव्हा या हाकेचा तिला धसकाच बसायचा. कोण कुठला, हात धुतलेत की नाही! सात वर्षांत ती दारातच साबण ठेवायला शिकली, आणि हाक काही थांबायची नाही हेही शिकली. ईशानी तर आजोबांच्या धोतराचा सोगा धरून त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची.

आज मात्र दिनानाथ दारात गेले, तांब्या धरून उभे राहिले, आत डब्यामागून येणारं मुसमुसणं त्यांनी ऐकलं, आणि तोंड न उघडताच माघारी येऊन पानावर बसले.

"बाबा, हाक?" तेजश्रीनं विचारलं.

"राहू दे. पोरीला माझ्या आवाजाची भीती वाटते, दिसतंय. म्हातारा झाला असेल आवाज."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हे मान खाली घालून म्हणाला, त्यानंतरच ते ताट मोरीत गेलं होतं.

हात पुसून तेजश्री कोठीच्या खोलीत गेली आणि डब्याशेजारी उकिडवी बसली. "ईशू, बाहेर ये."

"आजोबा जेवले?"

"जेवतायत."

"काय जेवतायत?"

"वरणभात. दुसरं काय जेवणार?"

पोर डब्याआडून जरा पुढं सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, आजोबा ज्यांना बोलावतात ना, त्यांना नंतर कुठं ठेवतात?"

"ठेवतात म्हणजे? जेवून घरी जातात ती माणसं."

"नाही जात. कापतात त्यांना. तू दार लावतेस आणि आजोबा कापतात. आणि मुंडकं वर टोपलीत ठेवतात, गच्चीवर, दिव्याच्या टोपलीत." तिनं आईच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खरं बोलते का ते बघावं तसं. "काकाच्या कागदावर आहे. मी पाहिलंय."

तेजश्री तशीच उठून जिना चढली.

केयूर, तिचा धाकटा दीर, एकोणतीस वर्षांचा. चित्रकलेची पदवी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून बंगळुरूच्या एका कंपनीसाठी हिंदी कॉमिक्स काढायचा. घरात त्याला 'केयूरचं भुताखेताचं' म्हणत आणि त्यापलीकडे कुणी बघत नसे. कॉमिकचं नाव 'सूखा घाट'. चार अंक निघाले होते, पाचवा या आठवड्यात जायचा होता. केयूर चहा प्यायला नाक्यावर गेला होता. मोठ्या मोठ्या कागदांवर छापून काढलेली पानं पलंगावर पसरली होती, आणि पलंग पाच वर्षांच्या मुलीच्या बरोबर छातीइतका उंच होता.

तिनं पहिलं पान उचललं. गंगा आटलेली. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या खाली वाळूत उतरत गेलेल्या, वाळूत नावा उलट्या पडलेल्या, आणि नावांखाली राहणारी माणसं. माणसं कसली, बरगड्या आणि दात. चित्र वाईट नव्हतं. तेच तर! हात चांगला होता पोराचा. दगड दगड ओळखू येत होता. दुसऱ्या पानावर एक गल्ली. गल्लीत एक दार, दाराला पितळी कडी, आणि उजव्या फळीला तीच आडवी चीर, जी निमिषनं, तिच्या नेहमी फिरतीवर असणाऱ्या नवऱ्यानं, तिच्यादेखत लांबी भरून बुजवली होती. दारात धोतर नेसलेला म्हातारा, हातात तांब्या. त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलं होतं: कोई भूखा हो तो आ जाए. पुढच्या चौकटीत तोच म्हातारा पाठमोरा, आणि पाठीमागे धरलेल्या हातात सुरी.

पान उलटायला नको होतं. उलटलं. दाराबाहेर हात जोडून उभी एक बाई. दारात दुसरी बाई, खांद्यावर तान्हं मूल, चष्मा, हनुवटीवर तीळ. ती दार लावून घेतेय. दोघींच्या मध्ये चार बोटांची फट उरलीय आणि त्या फटीतून बाहेरचीचा एकच डोळा दिसतोय. नंतर मग म्हाताऱ्याची हाक. बाहेरची बाई आत येते. शेवटची चौकट पानभर: गच्च्यांवर कार्तिकातल्या आकाशदीपांचे उंच बांबू, बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या, आणि टोपल्यांत दिव्यांच्या जागी मुंडकी. पुढच्या टोपलीतलं मुंडकं त्या बाहेरच्या बाईचं होतं, आणि ती बाई समोरच्या घरातली लीलाकाकू होती. नाक, टिकली, सगळं.

"वहिनी? तू इथं?" केयूर दारात उभा होता, हातात चहाचं मातीचं कुल्हड.

"ही बाई कोण आहे?"

"कुठली?"

"चष्मेवाली."

"अरे यार वहिनी, कॅरेक्टर आहे. फिक्शन आहे ते."

"फिक्शनला माझा तीळ आहे होय? आणि बाबांचा तांब्या?" तिचा आवाज चढला. "तुला सगळ्या दुनियेत दुसरा म्हातारा मिळाला नाही? बापाच्या तोंडचं वाक्य घेतलंस आणि त्याच्या पाठीमागे सुरी दिलीस?"

"रेफरन्स म्हणून घेतलं. मतलब, जे बघतो तेच काढणार ना मी?"

"काय बघितलंस? बाबांनी कुणाला कापलेलं बघितलंस?"

"ते सिम्बॉल आहे! तू समजून घे ना. पाणी संपलं, अन्न संपलं, की हा सगळा धर्म, अतिथी, पुण्य, चार दिवसांत गळून पडतं. खाली फक्त जनावर उरतं. लोकांना माहीत आहे हे, म्हणून वाचतात. मी खोटं नाही काढत."

"ईशानी सहा दिवस दुपारची जेवली नाही. तिनं बघितलीत ही पानं."

तो चमकला. कुल्हड खिडकीत ठेवलं. "मी कडी लावून जातो."

"पलंगावर पसरून, दार उघडं टाकून चहाला जातोस तू! आत्तासुद्धा गेला होतास. पोर गच्चीत बाहुलीचे कपडे वाळत घालायला येते, ही खोली वाटेत आहे. ती खाली जाऊन डब्यामागे बसते, कारण तिला वाटतं तिचा आजा माणसं कापतो आणि तिची आई दार लावते."

"सॉरी. बट वहिनी..." तो थांबला. मग जे इतकी वर्षं कुणीच बोललं नव्हतं ते बोलला. "दार तर तू लावलं होतंस."

तेजश्रीनं हातातलं पान पलंगावर ठेवलं.

लावलं होतं. चार वर्षांमागे, दुसऱ्या लाटेत, चैत्रातल्या एका दुपारी. समोरच्या नीलकंठकाकांचा, लीलाकाकूच्या नवऱ्याचा, श्वास अडकला होता. या गल्ल्यांत ॲम्ब्युलन्स येत नाही. माणसाला खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून, मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. लीलाकाकू दारात आली, हात जोडून म्हणाली, केयूरला पाठव गं, दुसरा कुणी बघते मी. तेजश्रीच्या खांद्यावर आठ महिन्यांची ईशानी होती. विषाणू हवेत किती वेळ राहतो, हे तिला गल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं दार लावलं. काकूला शेवटी घाटावरचे दोन नावाडी मिळाले. काका तिसऱ्या दिवशी गेले.

नंतर काय झालं ते तेजश्रीच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं. नंतरचं नंतर. दार लावलं ते लावलंच.

"हो," ती म्हणाली. "लावलं. माझं दार तू खुशाल काढ, शंभर वेळा काढ, मला हक्क नाही नको म्हणायचा. पण मला एक सांग. मी दार लावत होते तेव्हा तू कुठं होतास?"

तो पलंगावरचं पान सरळ करू लागला.

"माझ्या मागे होतास. दोन हातांवर. पंचवीस वर्षांचा गडी, हातीपायी धड. काकूनं तुझं नाव घेतलं होतं, माझं नाही. मला बाजूला सारायला काय लागत होतं? एक हात. सारलंस? या चित्रात मी आहे, बाबा आहेत, लीलाकाकू आहे, भिंतीवरची पालसुद्धा आहे. तू कुठं आहेस रे?"

"मी..."

"तू नाहीस. तू आपला कागदाच्या अलीकडे बसलायस, न्यायाधीश होऊन. माणूस जनावर आहे म्हणे! सगळी दुनिया जनावर ठरली की तुझं एकट्याचं भागतं, नाही? मग कुणी विचारायला नको, खुर्ची का नाही उचललीस."

केयूरचे कान लाल झाले होते. तिला दया आली नाही. मुळीच आली नाही.

"अंक पाठव, नको पाठवू, तुझं तू बघ. उद्या साडेबाराला खाली यायचं आणि बाबांच्या ऐवजी तू हाक मारायची. पोरीसमोर."

दुसऱ्या दिवशी तो आला. न आला असता तर तेजश्रीनं त्याला मानगूट धरून आणला असता, हे त्याला कळलं असावं. दिनानाथांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ते सोवळ्यातच भिंतीला टेकून बसले आणि तांब्या मुलाच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "तीनदा. घाई करायची नाही." ईशानीला तेजश्रीनं कडेवर घेतलं होतं. पोरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं होतं.

केयूर दारात उभा राहिला. गल्लीतून एक म्हैस गेली, एक स्कूटर गेली, दोघी फुलवाल्या गेल्या. त्यानं तोंड उघडलं.

"कोई..." पुढं आवाजच निघेना. "कोई भू..."

ईशानी किंचाळली. तांब्यातलं पाणी केयूरच्या पायांवर सांडलं.

"बस! राहू दे," म्हणाली तेजश्री आणि पोरीला तशीच घेऊन उंबरा ओलांडून गल्लीत उतरली. समोरचं दार पाच पावलांवर. ती पाच पावलं चार वर्षांत ती चालली नव्हती. काकू भाजीवाल्याजवळ भेटायची, 'काय गं, बरी आहेस?' व्हायचं. पण ना हिनं तो उंबरा ओलांडला, ना तिनं हा. तेजश्रीनं कडी वाजवली.

लीलाकाकूनं दार उघडलं. हाताला पीठ होतं. तिनं तेजश्रीला वरून खालपर्यंत पाहिलं.

"सापडलं का दार?"

"काकू, जेवायला चला."

"आज काय आहे? श्राद्ध?"

"काही नाही. रोजचंच. बाबांची हाक नाही झाली आज, म्हणून बोलवायला आले."

"चार वर्षं दिनानाथभाऊंची हाक ऐकतेय मी या खिडकीतून. उपाशी होते तेव्हाही ऐकली. आता तू बोलावतेस तर लगेच यायचं का गं मी?"

"नका येऊ. पण मी बोलावणार. उद्याही बोलावणार."

काकूचा चेहरा तसाच कठीण राहिला. तेवढ्यात ईशानीनं मान वर केली आणि रडत ओरडली, "काकू, नका येऊ! ते तुमचं मुंडकं टोपलीत ठेवतील!"

"काय?" काकू म्हणाली. "माझं काय ठेवतील?"

"मुंडकं. दिव्याच्या टोपलीत. काकानं काढलंय."

लीलाकाकूनं पिठाचा हात पदराला पुसला. "थांब. हे बघायलाच पाहिजे."

आणि जी बाई बोलावून येत नव्हती ती रागानं आली, तरातरा, चपलासुद्धा न घालता.

"आण रे ते कागद," तिनं केयूरला फर्मावलं. तो हलेना. "आण म्हणते ना!"

त्यानं आणले. काकूनं चष्मा लावला, पाटावर बसली आणि एकेक पान लांब धरून बघू लागली. दिनानाथही तिच्या खांद्यावरून बघत होते. म्हाताऱ्याच्या पाठीमागची सुरी आली तेव्हा त्यांचा श्वास एकदा मोठ्यानं ऐकू आला. तेजश्रीला वाटलं, केयूरच्या एक ठेवून द्यावी. दाराचं चित्र आलं. काकू तिथं बराच वेळ थांबली.

"हे बरोबर काढलंस," ती म्हणाली. "असंच होतं."

तेजश्रीनं मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं.

मग शेवटचं पान. "अगं बाई! मी इतकी सुरकुतलेय का? आणि हे..." तिचं बोट टोपलीवर आलं आणि तिथंच थांबलं. "या टोपलीत मुंडकं? मेल्या, या टोपलीत माझा वरणभात यायचा!"

"मतलब?" केयूर म्हणाला.

"मतलब काय विचारतोस, याच घरात राहतोस ना? काका गेले, मला ताप भरला, घरात मी एकटी. तिसऱ्या दिवशी गच्चीत ठकठक झालं. बघते तर दिनानाथभाऊ त्यांच्या गच्चीत उभे, आकाशदीपाचा बांबू आडवा धरून, आणि टोकाला ही टोपली, माझ्या कठड्याला टेकलेली. आत डबा. वरणभात, लिंबाची फोड. अकरा दिवस, दोन्ही वेळा. तूप माकडांनी एकदा पळवलं तेवढंच."

"मी नुसती माकडं हाकलत होतो," दिनानाथ म्हणाले. "रांधत होती ती." त्यांनी तेजश्रीकडे बोट केलं. "दार लावल्याचं मला नीलकंठ गेल्यावर कळलं. मी काही बोललो नाही, गच्चीत बांधून ठेवलेला बांबू सोडवायला वर गेलो. खाली आलो तर हिनं डबा भरून ठेवला होता."

"मला हे कुणी सांगितलं नाही," केयूर म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी तेव्हा वर होतो. मलाही ताप होता. चौदा दिवस खोलीत..."

"तुझं ताट तुझ्या दाराशी कोण ठेवत होतं, ते तरी विचारलंस?" काकू म्हणाली. "दाराच्या फटीतून बघितलंस तेवढ्यावर एवढं सगळं काढलंस बाबा तू. हुशार आहेस." मग ती तेजश्रीकडे वळली. "आणि तू. टोपली आली म्हणून मी दार विसरले, असं समजू नकोस हं."

"नाही समजत. मीही नाही विसरले."

"ठीक. वाढ मग. पिठात हात होते माझे, तुझ्यापायी माझी चपाती राहिली."

तेजश्रीनं वाढलं. ईशानी खांबाला धरून उभी होती. काकूचा प्रत्येक घास तोंडात जाताना बघत होती, आजोबांचे दोन्ही हात कुठं आहेत ते बघत होती, आईचे हात बघत होती. दिनानाथांना काय ते उमगलं असावं. त्यांनी दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले आणि काकूचं जेवण होईपर्यंत हलवले नाहीत. काकूनं ताक पिऊन हात धुतला, पोरीच्या गालाला ओला हात लावला आणि आली तशी अनवाणी निघाली.

ईशानी धावत दारापर्यंत गेली. गल्ली ओलांडताना काकूची पाठ, काकूचं दार, आतली कडी पडल्याचा आवाज. पोर जागची हलेना. समोरची खिडकी उघडली. लीलाकाकूनं डोकं बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी थोपटून दाखवलं.

"आहे गं, जागेवर आहे!"

ईशानी हसली नाही. वळून आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. "घरी गेल्या," ती म्हणाली.

"मग?"

"भात दे."

तेजश्रीनं भात कालवला. राग उतरला नव्हता आणि इतक्यात उतरणारही नव्हता. केयूर कागद गोळा करून जिन्याकडे निघाला होता.

"बस," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आधी जेव. मग वर जा. बाबांच्या हातातली सुरी पुसून टाक आणि टोपल्यांत काय ठेवायचं ते आता तुला ठाऊक आहे. माझं दार तसंच राहू दे."

"तसंच?"

"तसंच. फक्त माझ्या मागे जागा सोड. दोन हात. तिथं तू उभा राहा."

त्यानं पाट ओढला. ईशानीनं पहिला घास घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.